बुरीच्या फुलाचा पंचनामा

सरकारी कागदाशी रुपीबाईचा संबंध आयुष्यात एकंदर तीन वेळा आला. देवीच्या लशीच्या वहीत तिची नोंद ‘रूपसिंग, वय दोन’ अशी झाली होती. मतदारांच्या यादीत ती मयत होती, आणि तरीही दोन्ही निवडणुकांत तिने मत दिले होते. तिसरा कागद म्हणजे एकसष्ट सालच्या फाल्गुनात, यवतमाळच्या पुष्प व उद्यान महोत्सवात, तिच्या झाडाला अडकवलेले चार बोटे रुंदीचे कार्ड. त्यावर तिचे नाव, गाव, तालुका सारे बिनचूक होते. खोटा होता तो फक्त मजकूर.

बोरी अरबपासून दीड कोसावर पंचवीस-तीस घरांचा जो तांडा आहे, तेथे ती राहत असे. तिचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालीत होता. बाप दुसऱ्यांचा कापूस गाडीत भरून जिनिंग कारखान्यापर्यंत पोचवीत होता. स्वतःच्या रानात स्वतः सरकी टोबणारी घराण्यातली पहिली बाई म्हणजे रुपीबाई. म्हणूनच की काय, पिढीजात शेतकऱ्याला जे दिसेनासे झालेले असते ते तिला अजून दिसत होते. कपाशीच्या फुलाकडे वऱ्हाडात कोणी पाहत नाही. सगळ्यांची नजर बोंडावर. फूल म्हणजे बोंड येणार असल्याची वर्दी, एवढाच त्याचा मान. रुपीबाई मात्र पहाटे रानात गेली की एखाद्या पऱ्हाटीशी, म्हणजे कपाशीच्या झाडाशी, थबके आणि उमलत्या फुलाकडे पाहत राही. नवरा धावजी हाक मारी, “अवो, फुलाचं लोणचं घालतेस का काय?”

त्या वर्षी एक सरकी वाट चुकली. भांडी घासण्याच्या जागी रॉकेलचा फुटका डबा पडला होता, त्यात राख आणि माती साचली होती. तिथे बुरी कपाशीचे एक रोप उगवले. रुपीबाईने त्याला भांड्यांचे पाणी घातले. पौष सरला, रानातल्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, आणि माघ संपता संपता हे एकटे झाड कळ्यांनी भरले.

नेमका त्याच सुमारास ग्रामसेवक बबनराव तांड्यावर आला. जिल्ह्याला प्रथमच पुष्पमहोत्सव व्हायचा होता, आणि प्रत्येक विकास गटाने ‘ग्रामीण महिलांची’ किमान दहा फुले पाठवावीत असा हुकूम होता. बबनरावाची नऊ भरली होती. नऊही झेंडू होते.

“रुपीबाई, हे पाठवून द्या,” तो डब्याकडे पाहत म्हणाला.

“हे? हे तं पऱ्हाटीचं झाड आहे भाऊ.”

“फूल येते ना याले?”

“येते.”

“मंग झालं! हुकमात फूल म्हटलं हाये. कायचं फूल ते नाई म्हटलं.”

अशा रीतीने रुपीबाई यवतमाळला निघाली. बैलगाडीत मागे डबा, पुढे धावजी, मध्ये ती. वाटेत पळस नुसता पेटला होता. होळी दहा दिवसांवर आली होती आणि तांड्यात होळीचा रंग पळसाच्या फुलांचाच होतो. तेव्हा तिने गाडी थांबवून ओटीभर फुले खुडली, गाठोड्यात बांधली आणि पुन्हा डब्याशेजारी येऊन बसली. बोटे केशरी झाली. ती तिने ओढणीच्या पदराला पुसली. पदरही केशरी झाला.

महोत्सवाचे मैदान शहराबाहेर होते. बांबूच्या कमानीतून आत शिरले की उजवीकडे आकाशपाळणा, डावीकडे टँकरच्या पाण्यावर चालणारे कारंजे, आणि समोर, सर्वांत जास्त गर्दी खेचणारे ‘काश्मीर’. बांबू आणि तरटांचे डोंगर उभारून त्यांवर बर्फ पसरला होता. खाली सिमेंटच्या हौदात एक नाव होती. हौद वीतभरच खोल असल्यामुळे नाव हलत नव्हती. परंतु तिच्यात बसण्यासाठी रांग होती. रुपीबाईने बर्फाची एक चिमूट घेऊन बोटांत चोळली.

“बर्फाला हात लावू नका!” स्वयंसेवक ओरडला.

“बर्फ कुठं आहे? रुई आहे ही,” ती म्हणाली. “अन् नीट निवडली बी नाई. पत्ती राह्यली हिच्यात.”

रांगेतला प्रत्येक माणूस आयुष्यभर कापूस वेचलेला होता. तरीही प्रत्येक जण तिकीट काढून कापसातून चालत जात होता आणि पलीकडे निघाल्यावर दोन्ही हात चोळून “लय थंडी हाये बा” असे म्हणत होता. धावजीही म्हणाला. संघटित भ्रमाला माणूस पैसे देतो, हे समजण्यासारखे आहे. पण तो त्यात स्वखुशीने अभिनयही करतो, आणि हे कोडे उलगडायला निव्वळ अर्थशास्त्र पुरत नाही.

महोत्सवाच्या अध्यक्षा विजयमालाबाई एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नी होत्या. बाई प्रामाणिक, कष्टाळू, आणि तीन रात्री न झोपलेल्या. फुलांचे परीक्षण करण्यासाठी त्यांनी पुण्याहून एक तज्ज्ञ आणवले होते. गुलाबाच्या दीडशे जाती ते पाकळी पाहून ओळखीत.

शुक्रवारी सकाळी तज्ज्ञ फुलांच्या मांडवात फिरले आणि रॉकेलच्या डब्यापाशी थांबले. त्या पहाटे एक कळी उमलली होती. फूल मलईच्या रंगाचे, पाकळ्या एकीवर एक गुंडाळलेल्या, आत पिवळा पुंकेसर. तज्ज्ञांनी चष्मा काढून पुसला.

“अतिशय नाजूक रंग. ही जास्वंदीची कोणती जात?”

“बुरी,” रुपीबाई म्हणाली.

तज्ज्ञांनी वहीत ‘बुरी (स्थानिक जास्वंद)’ असे लिहून ‘पांढरी व फिकट फुले’ या वर्गात तिला पहिला क्रमांक दिला. बबनराव आनंदाने वेडा व्हायचा राहिला.

शनिवारी सकाळी मांडव उघडला तेव्हा ते फूल गडद गुलाबी झाले होते.

बुरी कपाशीचे फूल पहिल्या दिवशी मलईसारखे असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लालसर पडून गळते. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण तज्ज्ञ पुण्याचे होते, बाईंच्या बंगल्यात गुलाब होते, आणि दोघांनीही कापूस पाहिला तो गादीत. फिकट फुलांच्या वर्गातले पहिले फूल रातोरात गुलाबी होते याचा अर्थ त्यांच्या मते एकच होता. चौकशी झाली. रुपीबाईचे गाठोडे सोडले गेले. पळसाची फुले निघाली. तिची बोटे पाहिली गेली. ती केशरी होती.

“रंगाचा साठा,” तज्ज्ञ दुःखाने म्हणाले.

“साहेब, हे होळीसाठी हाये,” धावजी म्हणाला.

“होळी आठ दिवसांनी आहे.”

“मंग आठ दिवसांनी लागनच ना!”

“पळसाचा रंग केशरी येते,” रुपीबाई शांतपणे म्हणाली. “फूल गुलाबी हाये. डोळे लावून पाहा ना, साहेब. केशरी रंगानं गुलाबी कसं होईन?”

तज्ज्ञांनी यावर थोडा विचार केला आणि दुसरी उपपत्ती मांडली: बाईच्या ओढणीला आणि काचोळीला शेकडो आरसे जडवलेले आहेत, ती दिवसभर फुलाजवळ बसून राहिल्यामुळे परावर्तित उष्णतेने रंगद्रव्यात बदल झाला असावा. ही उपपत्ती त्यांना पहिलीपेक्षाही अधिक शास्त्रीय वाटली. तथापि दोन्हींचा निष्कर्ष एकच असल्याने कार्ड एकच लिहिले गेले: ‘रुपीबाई धावजी, तांडा बोरी अरब, ता. दारव्हा. अपात्र. रंग लावून फसवणूक.’

कार्ड बबनरावाने वाचून दाखवले. शेवटचा शब्द त्याने हळूच वाचला.

रुपीबाईला बक्षीस गेल्याचे दुःख झाले नाही. बक्षीस काय होते हेही तिला माहीत नव्हते. तिला आठवली ती तिच्या लहानपणची गोष्ट. पंचक्रोशीत कुठेही बैल चोरीला गेला, धान्य गेले, परसातली कोंबडी गेली, की शिपाई आधी तांड्यावर येत. चोर पुढे दुसरीकडे सापडे. पण त्याआधी तांड्याची झडती झालेली असे, आणि झडती घेतल्याबद्दल कोणी कधी क्षमा मागत नसे. तिचा बाप म्हणायचा, आपल्याजवळ काय नाही ते सिद्ध करण्यातच आपला जन्म जातो. आता तिच्या झाडाला सरकारी अक्षरात ‘फसवणूक’ लटकली होती, आणि मांडवातून दिवसाला पाच हजार माणसे जाणार होती.

“हे कार्ड काढा,” ती म्हणाली.

“कार्ड काढता येत नाही,” विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कठोर नव्हता. “नियमच आहे तसा. एकदा लावलेलं कार्ड म्हणजे नोंद. महोत्सव संपेपर्यंत कोणालाही काढता येत नाही. मलासुद्धा नाही.”

शेजारच्याच मांडवात कृषी खात्याचे प्रदर्शन होते. तिथल्या अधिकाऱ्यांना बुरी कपाशीची खडान्खडा माहिती होती. बबनराव धावत जाऊन त्यांना घेऊन आला. अधिकाऱ्यांनी फूल पाहिले, हसू दाबले आणि खाजगीत सांगितले की बाई म्हणते ते शंभर टक्के खरे आहे.

“मग तसं लिहून द्या ना साहेब!”

“तेच तर जमणार नाही. बोंड धरल्यापासून पुढे ते आमच्याकडे येतं. फूल असेपर्यंत उद्यान समितीकडे. बोंड धरलं की मला कळवा.”

आता रुपीबाईने जे केले ते तिच्या स्वभावाला धरूनच होते. ती भांडली नाही, रडली नाही. त्याच झाडावर त्या पहाटे दुसरी कळी उमलली होती, तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “बाईसाहेब, हे फूल आता पांढरं हाये. तुमी बसा इथं. मी दूर बसतो. दिवसभर पाहा. कोण रंग लावते ते तुमालेच दिसन.”

विजयमालाबाईंना बसणे शक्य नव्हते. दुपारी बालकांची वेशभूषा होती. तज्ज्ञांना गुलाब पाहायचे होते. पण मागणी न्याय्य आहे हे बाईंना जाणवले, आणि त्यांनी बंदोबस्तावरचा शिपाई धर्मपाल याला फुलाच्या पहाऱ्यावर बसवले.

धर्मपाल बाभुळगावकडचा. तो फुलाकडे पाहून म्हणाला, “बाईसाहेब, मी पोलिसात येण्याआधी मजुरीनं कापूस येचत होतो. बुरीचं फूल असंच असते. उद्या लाल होते.”

“तुम्ही या विषयातले तज्ज्ञ आहात का?”

“नाई, बाईसाहेब.”

“मग तुम्ही फक्त पाहा.”

धर्मपाल पाहत बसला. झाडाभोवती सुतळी बांधली गेली, सुतळीला लाखेचे शिक्कामोर्तब झाले. रुपीबाई पंधरा पावलांवर, मांडवाच्या खांबाला टेकून बसली; तिचे आरसे झाकावेत म्हणून तज्ज्ञांनी तिच्या अंगावर एक घोंगडी टाकविली. फाल्गुनातले ऊन मांडवाच्या कापडातून उतरत होते. घोंगडीत घाम पाझरत होता. धावजीने दोनदा पाणी आणले आणि दोनदा विचारले, “चाल ना घरी. कार्ड लटकू दे. आपल्यात कोण वाचते?”

“मले बी वाचता येत नाई,” ती म्हणाली. “म्हणून तं बसली हाओ.”

लोक येत होते. वाचता येणारा कार्ड वाचून दाखवी. ऐकणारे आधी फुलाकडे, मग शिपायाकडे, मग घोंगडीकडे पाहत, आणि मग कोणाला हसावे हे न कळल्यामुळे सगळ्यांनाच हसत. दारव्ह्याचा एक म्हातारा शेतकरी बापूजी बराच वेळ उभा राहिला.

“जमादार, याले काय झालं?”

“फूल अटकेत हाये, बापूजी.”

“कोन्या गुन्ह्यात?”

“लाल होण्याच्या.”

“अन् हे बाई?”

“हे साथीदार.”

चारच्या सुमारास पाकळ्यांच्या कडा गुलाबी झाल्या. धर्मपालने तळहातावर वेळ लिहिली. मांडव बंद होईपर्यंत अर्धे फूल गुलाबी होते, आणि रविवारी सकाळी समितीसमोर लाख फोडली तेव्हा ते आदल्या दिवशीच्या फुलाइतकेच गडद झाले होते. सुतळी जशीच्या तशी होती. रुपीबाई रात्रीही जागची हलली नव्हती याची साक्ष तिच्या पाठीवर उमटलेला खांबाचा वळ देत होता.

समितीची बैठक झाली. विजयमालाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना खरोखरच हलके वाटत होते, कारण त्यांनी मार्ग काढला होता. नियमाप्रमाणे स्पर्धेतल्या फुलाने प्रदर्शनाच्या काळात आपली स्थिती बदलता कामा नये, तेव्हा अपात्रता कायम. परंतु हस्तकला विभागात ‘फुलांवरील रंगकाम’ असे एक विशेष पारितोषिक नव्याने निर्माण करण्यात आले होते. बक्षीस एक कंदील. संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते.

“म्हणजे बघा, कार्डावरचं ‘रंग लावून’ हा दोषच राहत नाही. ते तुमचं कौशल्य ठरतं,” बाई हसून म्हणाल्या.

धावजीने कंदील पाहिला होता. काच मोठी होती, पितळी टाकी होती. तो बायकोच्या कानाशी लागला, “घे ना. कार्डाचं काम झालं अन् कंदील बी भेटला.”

“म्या रंग लावला का?”

“नाई लावला.”

“मंग कंदील कायचा? कंदील घेतला म्हणजे लावला असं झालं. उजेडात सारे आणखी चांगलं वाचतीन.” आणि बाईंकडे वळून ती म्हणाली, “बाईसाहेब, तुमी मनानं चांगल्या हाये. पर मले बक्षीस नोको. मले ते कार्ड नोको.”

बाईंनी कार्डाकडे पाहिले. नियम त्यांनीच केला होता, आणि आपण केलेल्या नियमासमोर माणूस जितका लाचार होतो तितका दुसऱ्याच्या नियमासमोर होत नाही.

धर्मपालने खाकरून घसा साफ केला. “बाईसाहेब, एक विचारू का? कार्डावर फसवणूक लिहिलं हाये.”

“हो.”

“फसवणूक म्हणजे गुन्हा. गुन्हा झाला म्हणजे जागेवर पंचनामा पाह्यजे. मी इथं ड्यूटीवर होतो. पंचनामा नाई केला तं उद्या साहेब मले विचारतीन.”

“पण हा महोत्सव आहे हो!”

“मंग फसवणूक लिहाले नव्हती पाह्यजे.”

तज्ज्ञांनी एवढेच विचारले की पंचनाम्याने कार्ड निघणार आहे का. धर्मपाल म्हणाला, निघणार नाही. कार्डाला हात लावणार नाही. तज्ज्ञांनी हरकत नसल्याचे सांगितले. महोत्सवात लिहिण्याजोगा कोरा कागद उरला नव्हता, सारा पताकांत गेला होता. तेव्हा धर्मपालने कार्डाच्याच कडेला बारीक अक्षरात लिहिले: ‘फूल माझ्या समक्ष आपोआप लाल झाले. बाई दूर होती.’ खाली सही केली आणि बक्कल नंबर टाकला. तांड्याच्या झडतीत ज्या खात्याने उतरंडी फोडल्या होत्या, त्याच खात्याच्या शिपायाची ती सही होती. रुपीबाई तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“आता पंच पाह्यजे,” धर्मपाल म्हणाला. “कोण कोण पाह्यलं बुरीचं फूल लाल होताना?”

मांडवात त्या वेळी दोनेकशे शेतकरी होते. आधी बापूजी पुढे आला. “म्या पन्नास वर्सं पाह्यलं. चालन का?”

“चालन.”

नावनोंदणीच्या टेबलावरचा शाईचा पॅड आणला गेला. बापूजीने अंगठा उठवला. मागचा म्हणाला, मीही पाहिले. त्याच्या मागचा म्हणाला, माझ्या तर घरी रोजच होते. पुसदकडचा एक जण म्हणाला, आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आणखी लाल होते, ते लिहा. त्यावर वाद झाला, आणि दोन्ही पक्षांनी अंगठे उठवले. पाहता पाहता रांग लागली. काश्मीरच्या रांगेतली माणसे इकडे काय वाटतात म्हणून आली आणि काही वाटत नाहीत असे कळल्यावरही थांबली. बायका आल्या. कोणी चुकून दोनदा उठवला. चार बोटे रुंदीच्या कार्डावर जागा संपली तेव्हा लोक अंगठ्यावर अंगठा उठवू लागले. निळ्या ठशांच्या खाली आधी तालुका गेला, मग गाव, मग ‘रंग लावून’, आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेपर्यंत शेवटचा शब्द.

विजयमालाबाई परत आल्या तेव्हा कार्ड होते तिथेच होते. त्या वाकल्या, चष्मा लावला, काढला. कार्डाचा ओला निळा चौकोन चमकत होता.

“कार्ड कोणी काढलं नाही ना?” त्यांनी विचारले.

“नाई, बाईसाहेब. हात नाई लावला. फक्त अंगठे लावले.”

“मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका पाहून असे वाटले की पहाटेपासून त्याही याचीच वाट पाहत असाव्यात. मग त्या संध्याकाळच्या बक्षीससमारंभाच्या तयारीला गेल्या.

रुपीबाईने घोंगडी घडी करून खांबाशी ठेवली, झाडाजवळ आली आणि धर्मपालला विचारले, “दादा, आता काय लिहिलं हाये त्याच्यावर?”

धर्मपालने कार्ड उजेडात धरले, तिरके केले. “काई वाचता येत नाई, मावशी.”

“तुमाले बी?”

“मले बी.”

तिने मान हलवली. धर्मपालने पॅड पुढे केला. “तुमचा बी लावा ना एक. सगळ्यांच्या वर चालन.”

“मी कायले लावू?” ती म्हणाली. “हे सारे पाह्यलेले हायेत. म्या तं सांगितलं होतं.” आणि तिने डबा उचलून डोक्यावर घेतला.